कडू तेवढं औषधी?

रक्तदाबाची गोळी सुरू झाली त्या वर्षी मी दोन गोष्टी मनावर घेतल्या. पहाटे अजिंक्यतारा चढायचा आणि खाली आल्यावर उपाशीपोटी पेलाभर दुधीचा रस घ्यायचा. गड मानवला. रसानं मात्र तीन दिवस दवाखान्यात झोपवलं.

दुधी बाजारातला नव्हता. साताऱ्यात आमच्या कुंपणावर आपोआप उगवलेल्या वेलाचा होता. ना खत, ना फवारणी, त्यामुळे मला त्याचं भारी कौतुक. त्या सकाळी पहिलाच घोट कडूजहर लागला. बायको म्हणाली, "अहो, टाकून द्या तो." मी म्हणालो, "औषध कधी गोड असतं का?" कारलं कडू, कडुनिंब कडू, काडेचिराईत कडू, कडू तेवढं गुणकारी, हेच लहानपणापासून ऐकलेलं. नाक दाबून पेला रिकामा केला.

अर्ध्या तासात पोटात पीळ पडला. मग उलट्या, जुलाब. "ताक घ्या, पोट शांत होईल," असं शेजारच्या काकू म्हणाल्या. तेही उलटून पडलं. चौथ्या उलटीत रक्त दिसलं, तेव्हा कुठे रिक्षा बोलावली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "रस कडू होता का?"

दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं असतात. एरवी खाण्याच्या फळात ती नगण्य असतात. एखाद्या फळात मात्र वाढतात, आणि वरून पाहून ते कळत नाही. कारलं कडू हा त्याचा स्वभाव. दुधी कडू हा बिघाड. कडू भाजी आपण पहिल्या घासाला थुंकतो, रस मात्र औषध म्हणून गटागटा पितो. या विषावर उतारा नाही. सलाईन लावून शरीर सावरायचं, एवढंच हाती असतं. 2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं बजावलं, की कडू लागलेला रस पिऊ नये.

म्हणून सांगतो. दुधी चिरताना आधी एक फोड चाखा. कडू लागली तर अख्खा दुधी फेका. साखर, लिंबू, पुदिना घालून कडूपणा झाकू नका. चुकून पोटात गेलाच आणि मळमळ, उलटी सुरू झाली, तर घरगुती उतारे शोधत बसू नका. थेट दवाखाना गाठा आणि काय प्यायलात ते सांगा.

घरगुती उपायांवरचा माझा विश्वास काही उडालेला नाही. सांगलीची आक्का अजून हळकुंडं घेऊन कांडपावर दळून आणते आणि घसा धरला की मीठ-हळदीच्या गुळण्या करायला लावते. त्यानं बरं वाटतं, बिघडत काही नाही. साधे जुलाब झाले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे खरोखर जीव वाचवतं. पण हात भाजला तर तीच हळद जखमेवर थापू नका. वीस मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली धरा. महाबळेश्वरचा मध कितीही शुद्ध असो, वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नका. आणि सुरू असलेली गोळी कुठल्याही काढ्याच्या भरवशावर बंद करू नका.

आक्का काकडी चिरतानाही आधी टोक कापून चाखते. लहानपणी मला वाटायचं, ही चोरून खाते. दवाखान्यात भेटायला आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "जीभ कडू म्हणत होती, मग तू कुणाचं ऐकलंस रं?"