गोष्ट सांगणारा करंडा

सावंतवाडी हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. गावात मोती तलाव आहे. जवळच चितारआळी आहे. तेथे लाकडी फळे, पाट, चौरंग, पांगुळगाडे मांडलेले दिसतात. रंग कसे झगझगीत! पाहणारा जागीच उभा राहतो.

अशा गावातल्या एका घराची ही हकिगत. घरात म्हातारा कातारी आहे. त्याची सून साक्षरतेच्या वर्गाला जाते. सासरा करंडे कातून देतो, सून ते रंगवते.

एकदा जत्रा तोंडावर आली. दुकानदाराने घाई केली. लाकूड ओले होते, तरी सुनेने हट्ट धरला. करंडे झाले, विकलेही गेले. महिन्याभराने दुकानदार तीन करंडे परत घेऊन आला. तिन्ही तडकलेले! झाकणे बसेनात. पैसे परत द्यावे लागले.

सून म्हणाली, "मामंजी, रंग तर चांगला दिला होता. मग असे का झाले?"

सासरा म्हणाला, "सूनबाई, रंगाचा दोष नाही. घाईचा दोष आहे. बस इथे, सांगतो."

लाकूड का तडकते?

ओल्या लाकडात पाणी असते. वाळताना लाकूड आकसते. बाहेरचा भाग आधी वाळतो, आतला मागून. बाहेरचा भाग आकसू पाहतो, आतला त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत लाकूड फाटते. ओंडक्याच्या अगदी मधला गाभा तर हमखास तडकतो. म्हणून तो टाकून द्यावा.

मग करावे काय? ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मेण लावावे. टोकांतून पाणी भराभर उडते, ते मेणाने थांबते. ओंडका सावलीत ठेवावा, उन्हात नको. जाड फळीला इंचाला साधारण एक वर्ष लागते, असा जुना हिशेब आहे.

इतके थांबणे परवडत नसेल, तर दुसरी युक्ती आहे. करंडा दोनदा कातावा. पहिल्यांदा ओबडधोबड कातावा. भिंत जाड ठेवावी. करंडा ५ इंच रुंद असेल तर भिंत अर्धा इंच. १० इंच असेल तर १ इंच. मग तो कित्येक आठवडे सावलीत वाळू द्यावा. रोज वजन करावे. वजन घटायचे थांबले, की लाकूड वाळले. वाळताना तो थोडा वाकडा होतो. होऊ द्या. दुसऱ्यांदा कातले, की गोल होतो.

चरकावर बसण्यापूर्वी

ज्यावर लाकूड फिरते, तो चरक. पदर खोचून घ्यावा. बांगड्या काढाव्या. लाकूड घट्ट बसले का, ते पाहावे. आधी हाताने एक फेरा फिरवावा. कुठे अडत नाही ना? मगच चरक चालू करावा. पटाशी धारदार हवी. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, ओरबाडते.

कातून झाले, की लाख द्यायची. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात. घासल्याने ऊब येते. लाख वितळते आणि लाकडावर बसते. वरून केवड्याचे पान घासले, की चकाकी येते.

झाकणावरचा मासा

सुनेने झाकणावर मासा काढला होता. एका गिऱ्हाइकाने विचारले होते, "हा मासा कशाला?" दुकानातल्या पोराला सांगता आले नाही.

सासरा म्हणाला, "अगं, तो मत्स्यावतार! मनू राजाच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला. म्हणाला, 'मोठे मासे मला खातील. मला वाचव.' राजाने त्याला कमंडलूत ठेवले. मासा वाढला, कमंडलू पुरेना. मग मडक्यात ठेवला. मडके पुरेना. तळ्यात सोडला, तळेही पुरेना. शेवटी समुद्रात सोडला. पुढे मोठा पूर आला. सारी पृथ्वी बुडाली. तेव्हा त्याच माशाने राजाची नाव ओढून नेली. लहानाला जपले, तर तेच लहान आपल्याला तारते."

सून गप्प झाली. मग म्हणाली, "मामंजी, ही गोष्ट फक्त तुमच्या तोंडात आहे. तुमच्यामागे कोण सांगणार?"

गावातली गंजिफाही अशीच बुडायला आली होती. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची १२ पाने. एकूण १२० पाने. ही पाने रंगवणारे अगदी थोडे उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ती कला पुन्हा उभी केली. आज राजवाड्यात गंजिफा रंगवतात.

सुनेने पाटी घेतली. सासरा सांगत गेला, ती लिहीत गेली. आता प्रत्येक करंड्यात एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर माशाची गोष्ट असते. अक्षर जरा वाकडे आहे, पण वाचता येते. करंडाही तडकत नाही.

तुमच्या घरीही कोणी म्हातारे माणूस असेल. त्यांच्याजवळ काही गोष्ट असेल, काही कसब असेल. तुम्हाला आता लिहिता येते. आजच लिहून ठेवा.

सांगा पाहू

१. करंडे का तडकले?
२. १० इंच रुंद भांड्याची भिंत किती जाड ठेवावी?
३. लाकूड वाळले, हे कसे ओळखावे?
४. दशावतारी गंजिफेत किती पाने असतात?

करून पाहा

घरातल्या मोठ्या माणसाला एक गोष्ट विचारा. ती पाच ओळींत लिहा. वर्गात वाचून दाखवा.