रानातली ठिणगी

पाठ : याकोब 3:1-12

जिभेविषयीचा हा अध्याय आपण पुष्कळदा ऐकला आहे. पाचव्या वचनातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लाकूडफाटा असा होतो, तसाच रान असाही होतो. आम्ही तो इतकी वर्षे लाकडाचा ढीग समजून शिकवला. रान म्हणजे काय, हे 2023 च्या मार्च महिन्यात कळले.

त्या महिन्यात गोव्यातील सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्याच्या डोंगरांत वणवे लागले. आमचे घर त्याच बाजूला आहे. पहिल्या रात्री उतारावर एक बारीक लाल रेघ दिसली. आम्ही पाहिले आणि झोपलो. सकाळी घाटाकडून कोरडा वारा येई, दुपारी तो समुद्राकडून फिरे, आणि मग तीच रेघ चढणीवर धावू लागे. आग उतरण्यापेक्षा चढते वेगाने, कारण तिची धग वरचे गवत आधीच तापवून ठेवते.

वर गाडीरस्ता नाही, त्यामुळे बंब पोहोचणार कसे? वनरक्षक व गावची मुले हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपीत आणि पुढचा पालापाचोळा ओढून जाळरेषा काढीत. मग नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आली. खाली टांगलेल्या मोठ्या बादलीतून ती पाणी ओतीत, आणि आम्ही मोठी माणसेही पोरांसारखी माना वर करून पाहत राहिलो. पण वरच्या पाण्याने ज्वाळा दबते; पडलेल्या ओंडक्याच्या पोटातला निखारा माणसाने जाऊन, शोधून विझवावा लागतो. शिवाय वाऱ्यावर उडालेली ठिणगी जाळरेषा ओलांडते. म्हणून आग विझल्यावरही माणसे राखणीला बसत.

आग कोणी लावली, हीच त्या दिवसांत सगळीकडे चर्चा. रविवारी उपासनेनंतर दारात उभे राहून आम्ही एका शेजारच्या काजू बागायतदाराचे नाव घेतले. “बाग साफ करताना त्यांनीच पेटवले असेल,” एवढेच म्हणालो. आठ दिवसांत ते नाव बाजारातून आमच्याकडे परत आले, तेव्हा त्यात ‘असेल’ नव्हते. त्यांचे दोन गडी कामावर यायचे बंद झाले होते. आणि ते गृहस्थ तर त्या आठवड्यात पत्नीच्या आजारपणासाठी बेळगावला होते! आम्ही विचारलेच नव्हते.

आम्ही त्यांच्या घरी जाऊन कबूल केले. त्यांनी पाणी दिले, मग म्हणाले, “मास्तर, तुम्ही आलात ते बरे झाले. पण मला तोंडावर कोणी काही विचारतच नाही. मी उत्तर कोणाला देऊ?”

दारात त्या दिवशी पाच जण होते. चौघांना आम्ही घरी जाऊन खरे काय ते सांगितले. पाचवे पाहुणे म्हणून आले होते, दुसऱ्याच दिवशी गावी परतले. त्यांचा पत्ता आम्ही अजून शोधतो आहोत.