गोंदियात भाड्याचे घर बघताना

प्रश्न : बदली होऊन गोंदियाला येत आहोत. सोबत पत्नी आणि दोन शाळकरी मुली. सिव्हिल लाइन्स, रामनगर की रेलटोली? सुरक्षित वस्ती कशी ओळखायची?

उत्तर : नावावरून वस्ती ठरवू नका, एकाच नगरात दोन गल्ल्यांची तऱ्हा वेगळी असते. आधी मुलींची शाळा ठरवा. हावडा-मुंबई रेल्वेमार्गामुळे शहराचे दोन भाग पडले आहेत. घर एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला असेल, तर मुलींना रोज रूळ ओलांडून पलीकडे जावे लागेल. दलाल हे सांगणार नाही!

घर दोनदा बघा. एकदा दुपारी, एकदा रात्री नऊनंतर. दिवे लागतात का, बायका-मुले बाहेर दिसतात का, कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर कोण बसते, हे तेव्हाच कळते. शेजारच्या काकूंना पाण्याचे विचारा, बाकीचे त्या आपणहून सांगतील. हे धानाचे गाव, त्यामुळे जवळ राइस मिल असेल तर कोंड्याची धूळ आणि ट्रकांची वर्दळ आलीच. भिंतीवरची पावसाळ्यातली ओलही पाहा.

करार तोंडी नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. तो टाळाटाळ करत असेल, तर दुसरे घर बघा.