इंजिन की कासव?

आमच्या शेजारी सातवीत शिकणारा एक मुलगा राहतो. परीक्षेत चांगले गुण मिळाले म्हणून आजीने त्याला काही रुपये बक्षीस दिले. त्या पैशांतून कोणता छंद आरंभावा, या विवंचनेत तो एके दिवशी माझ्याकडे आला. वाफेच्या इंजिनाची लहानशी, पण खरोखर चालणारी प्रतिकृती करावी, अशी त्याला हौस होती. आणि आपली वाट आपण शोधणारे यंत्र, म्हणजे रोबो, तेही त्याला खुणावीत होते. पैसे एकालाच पुरण्यासारखे होते. सुटीचे दिवस तर त्याहूनही थोडे.

"काका, या दोहोंतला चांगला छंद कोणता?" त्याने विचारले.

मी त्याला दोन हकीकती सांगितल्या.

पहिली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराची. तेथील विद्यापीठात जेम्स वॅट नावाचा तरुण शास्त्रीय उपकरणे तयार करीत व दुरुस्त करीत असे. किटलीचे झाकण वाफेने उडताना पाहून त्याला इंजिन सुचले, ही कथा तुम्ही ऐकली असेल. कथा गोड आहे. परंतु खाणीतील पाणी उपसणारी न्यूकोमेनची वाफेची इंजिने त्यापूर्वी पन्नास वर्षे चालतच होती. १७६३ साली अशाच इंजिनाची एक प्रतिकृती वॅटकडे दुरुस्तीसाठी आली. त्याने ती नीट केली. दट्ट्या काही वेळा वरखाली झाला आणि थांबला! बॉयलरमधील वाफ संपली होती. मोठे इंजिन दिवसभर चालते, मग तसेच लहान इंजिन का चालू नये?

याचे एक कारण गणितात आहे. एखादे पात्र लांबी, रुंदी व उंची या तिन्ही बाजूंनी बारा पट लहान केले, तर त्याचा पृष्ठभाग १४४ पट कमी होतो. पण त्यात मावणारी वाफ १७२८ पट कमी होते. म्हणजे वाफेच्या मानाने तिला थंड करणारा पृष्ठभाग बारा पट वाढला! शिवाय त्या इंजिनात प्रत्येक फेरीला सिलिंडरमध्ये थंड पाणी सोडून वाफेचे पाणी करावे लागे, आणि पुढच्या फेरीला तोच सिलिंडर पुन्हा तापवावा लागे. मोठ्या इंजिनातही ही उधळपट्टी होतच होती. लहान प्रतिकृतीने ती उघडकीस आणली. वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र असावे, ही कल्पना वॅटला १७६५ साली सुचली.

आजही हौशी कारागीर घरच्या लेथवर अशी इंजिने घडवितात. त्यांतील काही आगगाडीची इंजिने तर माणसांना बसवून ओढून नेतात. एक इंजिन पुरे होण्यास पुष्कळदा वर्षे लागतात. दट्ट्या सैल बसला तर वाफ निसटते, घट्ट बसला तर तो अडकतो. कागदाच्या जाडीएवढी चूकही पितळ माफ करीत नाही. बॉयलर मात्र जाणत्या माणसावाचून मुलांनी कधीही पेटवू नये. जाणते लोकसुद्धा तो आधी पाण्याने भरून, कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन पाहतात. पाण्याने फट पडली तर नुसते गळते. वाफेने तोच बॉयलर फुटतो.

दुसरी हकीकत इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील. मेंदूचा अभ्यास करणारे ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास दोन यांत्रिक कासवे तयार केली आणि त्यांची नावे एल्मर व एल्सी अशी ठेवली. (रोबोला आपण यंत्रमानव म्हणतो खरे, पण कासवाला मानव कसे म्हणावे? मूळ शब्द कारेल चापेक याच्या १९२० सालच्या नाटकातून आला. त्याच्या मुळाशी वेठीच्या कामाचा अर्थ आहे.) प्रत्येक कासवाला दोन मोटारी, दोन निर्वात नळ्या, उजेड ओळखणारा एक घट आणि धक्का लागल्याचे कळविणारे कवच होते. एवढ्या सामग्रीवर ती उजेडाच्या रोखाने जात, अडथळा आला की वळून वाट काढीत आणि बॅटरी उतरू लागली की आपल्या घरातील दिव्याकडे परतत.

कासवाच्या पुढे एक लहान दिवा होता. वळण घेणारी मोटार चालू आहे की नाही हे पाहणाऱ्यास कळावे, एवढ्यासाठीच तो लावलेला. पण आरशासमोर येताच कासवाला तोच दिवा दिसे. उजेड दिसला की मोटार थांबे. मोटार थांबली की दिवा विझे. दिवा विझला की शोध पुन्हा सुरू होई आणि दिवा पेटे. अशा रीतीने ते आरशापुढे लुकलुकत नाचू लागे. हा नाच त्याला कोणी शिकविला नव्हता.

आता रोबोचे बहुतेक भाग तयार मिळतात. तथापि ते जोडले म्हणजे काम संपले, असे नाही. जमिनीवरील काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी संध्याकाळी अचूक धावते; दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून ऊन आले की तीच भरकटते. तार तुटलेली नसते, मोटार बिघडलेली नसते. आपण सूर्याचा विचार केलेला नसतो.

माझे मन इंजिनांकडे झुकते, हे मी त्या मुलापासून लपविले नाही. पण माझ्या आवडीवर त्याने आपले पैसे का लावावेत? मी म्हणालो, "चालणारे यंत्र सर्वांनाच आवडते. कोणते यंत्र अडले असता तुला जेवणाची आठवण राहत नाही, ते बघ." मग पितळेचा एक ओबडधोबड तुकडा, कानस व गुण्या त्याच्या हाती दिला आणि तुकड्याचे चारही कोपरे काटकोनात आणावयास सांगितले. त्याबरोबर एक लहान मोटार, बॅटरी व उजेड ओळखणारा संवेदक वगैरे सुटे भागही दिले. आठ दिवस बक्षिसाच्या पैशांना हात लावायचा नाही, एवढीच अट घातली.

आठव्या दिवशी तो आला, तेव्हा त्याची बोटे काळवंडली होती. उजेड पडताच मोटार फिरेल अशी जुळणी त्याने दोन दिवसांतच केली होती व ती उत्तम चालत होती. पितळेच्या तुकड्याचे तीन कोपरे मात्र साधले होते. चौथ्याला गुण्या लावला की फटीतून उजेड दिसे.

"काका," तो म्हणाला, "तीन कोपरे काटकोनी असतील, तर चौथा आपोआप काटकोनी व्हायला हवा ना? मग तो चुकतो कसा? मला वाटते, एखादी कडच सरळ नसावी. मोटार परत आणली आहे. कानस आणखी चार दिवस ठेवू का?"