घाटांतील पेट्रोलची काटकसर

पुणतांब्याहून सिन्नर-घोटीमार्गें मुंबईस जातांना इगतपुरीपुढें कसारा घाट लागतो. हल्लीं कित्येक कुटुंबें हायब्रिड मोटारींतून हा प्रवास करितात. तींत पेट्रोलचें इंजिन व विजेचें यंत्र अशीं दोन्ही असतात. परंतु उतारावर पेट्रोल वांचावें म्हणून गाडी न्यूट्रल करण्याची जुनी संवय सुटलेली नाहीं. आम्हींही पूर्वीं तसें केलें आहे.

इगतपुरी कसाऱ्याहून सुमारें ३०० मीटर उंच आहे. १,२०० किलो वजनाची गाडी तेवढी उतरली म्हणजे जवळजवळ एक युनिट विजेइतकी शक्ति मोकळी होते. गाडी गिअरमध्यें ठेवून ब्रेक हलकेच दाबल्यास विजेचें यंत्रच जनित्र बनतें व त्या शक्तीचा कांहीं भाग बॅटरींत सांठतो. (१९३० च्या सुमारास या घाटांतील आगगाडीस विजेचीं इंजिनें लागलीं, तींही उतरतांना वीज तारेंत परत देत.) न्यूट्रलमध्यें हें भरणें थांबतें, सर्व भार ब्रेकवर पडतो, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात.

बॅटरी मात्र लहान, बहुधा एक-दीड युनिटाची. ती भरलेली घेऊन माथा गांठणाऱ्यास खालीं कांहींच मिळत नाहीं. म्हणून इगतपुरीपर्यंतच्या चढांत वेग बेताचा ठेवून तिची वीज खर्चूं द्यावी. उतरतांना ती भरलीच, तर गिअरचें ‘बी’ स्थान असल्यास तें घ्यावें. तेथें इंजिन गाडीस आवरून धरतें.

इतक्या खटाटोपानें वांचतें तें फार तर पाव लिटर पेट्रोल. व्यवहारी पालक हंसतील. पण कसाऱ्यास पोहोंचतांना त्यांचे ब्रेक थंड असतील.