‘लिहिले’ म्हणजे खरोखर लिहिले का?

वसईजवळच्या गिरीज गावात पावसाळ्यात वीज जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. जुलै २०१८ मध्ये तर वसई-विरारचा मोठा भाग पाण्याखाली गेला, लोकल गाड्या थांबल्या आणि अनेक वस्त्या अंधारात राहिल्या. वीज गेली की पंखा थांबतो, आली की पुन्हा फिरू लागतो. त्याचे काही बिघडत नाही. मग संगणकाचेच असे काय होते, की वीज परत आल्यावर कधी कधी त्याला स्वतःच्याच फाइली सापडत नाहीत?

समजा, गिरीजमधील एका शाळेने एक दमदार संगणक घेतला आणि त्यावर तीन ‘आभासी’ संगणक चालवले: एक ग्रंथालयासाठी, एक हजेरीसाठी आणि एक दहावीच्या अंतर्गत गुणांसाठी. (ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ सालीच आपल्या मोठ्या यंत्रांवर अशी सोय दिली होती.) खऱ्या संगणकाला आपण यजमान म्हणू आणि आभासी संगणकांना पाहुणे. प्रत्येक पाहुण्याला वाटते, की आपल्याला स्वतंत्र डिस्क आहे. वस्तुतः ती ‘डिस्क’ म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक भलीमोठी फाइल असते! आता भर पावसात यजमान एकदम बंद पडला, तर गुणांचे काय होईल?

त्यासाठी आधी साधा संगणक कसा लिहितो ते पाहू या. गुणांच्या फाइलला एक पान जोडायचे आहे. तुम्हाला ही एक कृती वाटते. डिस्कवर मात्र निदान तीन जागी लिहावे लागते. मजकूर एका रिकाम्या ब्लॉकमध्ये जातो. हा ब्लॉक बहुधा ४०९६ बाइटांचा असतो. फाइलच्या नोंदीत ‘पुढचे पान अमुक ब्लॉकमध्ये’ असा पत्ता घालावा लागतो. आणि रिकाम्या-भरलेल्या ब्लॉकांच्या तक्त्यात त्या ब्लॉकपुढे ‘भरलेला’ अशी खूण करावी लागते. या साऱ्या मांडणीलाच फाइल सिस्टिम म्हणतात.

ही तीन कामे एका क्षणात होत नाहीत. मध्येच वीज गेली तर? फक्त खूण झाली असेल, तर एक ब्लॉक उगाच अडकून पडतो. फारसे नुकसान नाही. पत्ता आणि खूण झाली पण मजकूर पोचला नाही, तर फाइलमध्ये त्या ब्लॉकमधला जुना कचरा दिसतो. सर्वांत वाईट म्हणजे पत्ता लिहिला गेला, पण खूण राहिली. तक्ता म्हणतो, ब्लॉक रिकामा आहे. उद्या तोच ब्लॉक दुसऱ्या फाइलला दिला जातो आणि एका घराला दोन मालक होतात. ही चूक त्या दिवशी कळतसुद्धा नाही, आठवड्यांनी कळते.

यावरचा उपाय तुमच्या गावातल्या जुन्या दुकानदाराला ठाऊक होता. तो व्यवहार प्रथम रोजकीर्दीत ओळीने लिहीत असे आणि मग सवडीने खतावणीत त्या त्या खात्यावर चढवत असे. खतावणी अर्धवट राहिली तरी कीर्द पाहून ती पुरी करता येई. संगणक हेच करतो. काय बदलणार ते आधी कीर्दीत लिहितो, शेवटी ‘पूर्ण’ अशी खूण करतो आणि नंतर मूळ जागी बदल करतो. वीज परत आली की ‘पूर्ण’ खुणेच्या नोंदी तो पुन्हा चढवतो आणि अर्धवट नोंदी सोडून देतो. स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये लिनक्ससाठी ही रचना मांडली. २००१ मध्ये ती ‘एक्स्ट-३’ या नावाने लिनक्समध्ये आली. माहितीसाठ्यांसाठी, म्हणजे डेटाबेससाठी, असाच विचार मद्रास आयआयटीत शिकलेले सी. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये ‘एरिस’ या नावाने प्रसिद्ध केला होता.

परंतु एक अट आहे. कीर्द खरोखर आधी लिहिली गेली पाहिजे. डिस्क सावकाश चालते, म्हणून संगणक लिखाण थोडा वेळ रॅममध्ये साठवतो. क्रम महत्त्वाचा असेल तेथे तो ‘फ्लश’ असा हुकूम सोडतो: साठलेले सर्व डिस्कवर उतरवा आणि मगच ‘झाले’ म्हणा.

पाहुण्याची अडचण येथेच आहे. त्याचा हुकूम डिस्कला नव्हे, यजमानाला मिळतो. यजमान स्वतःच्या रॅममध्ये मजकूर ठेवतो, आणि वेगाच्या लोभाने कधी कधी तेवढ्यावरच ‘झाले’ म्हणून मोकळा होतो. व्हर्च्युअलबॉक्स या लोकप्रिय प्रणालीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्टच लिहिले आहे, की वेगासाठी असे हुकूम एरवी दुर्लक्षिले जातात. हवे असल्यास ते पाळण्याची सोय चालू करता येते. पाहुणा बिचारा खतावणी पुरी झाली असे समजून कीर्दीतली जागा नव्या नोंदींसाठी वापरतो. त्याच वेळी यजमान कोसळला, तर खतावणीही नाही आणि कीर्दही नाही!

याची चाचणी घेताना पुष्कळ जण फसतात. ते फक्त आभासी संगणक झटक्यात बंद करतात, पुन्हा चालू करतात आणि ‘सर्व ठीक’ म्हणतात. पण तेव्हा यजमान जिवंतच असतो. त्याच्या रॅममधले लिखाण नंतर डिस्कवर उतरते. खरी परीक्षा यजमानाची वीज तोडल्यावरच होते, आणि ती महत्त्वाची माहिती असलेल्या यंत्रावर कधीही करू नका. साठवणीचा हा खेळ पाहायचाच असेल, तर काही पेन ड्राइव्हवर मोठी फाइल घालताना ‘पूर्ण झाले’ असे दिसल्यावरही दिवा लुकलुकत राहतो, तो पाहा.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. १३ ऑगस्ट २०१५ रोजी बेल्जियममध्ये गूगलच्या केंद्राला वीज देणाऱ्या जाळ्यावर चार वेळा आकाशातली वीज पडली. तेथे बॅटऱ्या होत्या. तरीही नुकतेच लिहिलेले थोडे कायमचे गेले. प्रमाण होते त्या केंद्रातील डिस्कच्या जागेच्या ०.०००००१ टक्क्यांहूनही कमी. पण ज्याचे गेले त्याला टक्केवारीचे काय!

तेव्हा शाळेच्या संगणकाला यूपीएस हवा, फ्लशचा हुकूम पाळला जातो ना हे तपासायला हवे आणि गुणांची प्रत रोज दुसऱ्या यंत्रावर जायला हवी. एवढे करूनही बिघाड झालाच, तर घाईने दुरुस्ती करू नये. प्रथम पाहुण्याच्या डिस्क-फाइलची जशीच्या तशी नक्कल करावी आणि सगळे प्रयोग नकलेवर करावेत, कारण दुरुस्ती करणारा प्रोग्रॅम मांडणी सुसंगत करतो, मजकूर परत आणतोच असे नाही. दोन मालकांच्या भांडणात तो कोणाचे तरी पान तोडतो. लिनक्सवर बेवारस सापडलेल्या फाइली तो ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या कप्प्यात टाकतो. तेथे त्यांना नावे नसतात, नुसते क्रमांक असतात. कोणता क्रमांक दहावी ‘अ’चा आणि कोणता ‘ब’चा, हे एकेक फाइल उघडून गुरुजींनाच ठरवावे लागते.