बातमीच्या टेबलावरून

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

चि. सोनूस मामाचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एका दमात सांगितलंस, की मुंबईच्या एका पीआरवाल्याशी बोलणं झालंय, तीन महिन्यांचं काम आहे आणि आठवड्याभरात सगळे पैसे भरायचेत. मी नुसतं 'बघू' म्हणालो, ते तुला लागलं असेल. माझा विरोध नाही गं. संत एकनाथांच्या गवळणी तू आजीच्या चालींवर रेकॉर्ड केल्यास, त्या लोकांच्या कानी पडायलाच हव्यात. कुणी म्हणेल, गायक नाथराव नेरळकरांनी याच शहरात राहून इतके विद्यार्थी घडवले, त्यांना कुठे लागला होता पीआर? मनावर घेऊ नकोस. गाणाऱ्याला आपलं नाव पोचवावंच लागतं. 1902 साली गौहरजान तबकडीसाठी गायल्या, तेव्हा गाणं संपताच स्वतःचं नाव मोठ्याने सांगायच्या. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, आणि गाणारी कोण हे तिथल्या माणसांना त्यावरूनच कळायचं.

मी तीस वर्षं बातमीच्या टेबलावर काढली. तिथून जे दिसलं तेवढंच सांगतो. कार्यक्रम उद्या आणि प्रेसनोट आज रात्री नऊला, हे रोजचं. तिच्यात 'सुप्रसिद्ध', 'ख्यातनाम', 'स्वरांची बरसात' सगळं असायचं. तापडिया नाट्यमंदिरात की एकनाथ रंगमंदिरात, एवढंच नसायचं. फोटो कुणाच्या तरी रिसेप्शनमधला कापलेला, खांद्यावर दुसऱ्याचा हात तसाच राहिलेला. अशी नोट दोन ओळींत आटपायची. पण एकदा पैठणकडच्या एका भजनी मंडळाची अर्ध्या पानाची नोट आली. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की मंडळातली सर्वांत लहान मुलगी अकरा वर्षांची, सर्वांत वयस्कर बाई एक्क्याऐंशी वर्षांची, आणि मुलीला टाळ धरायला त्या आजींनीच शिकवलं. मी जागेवरून उठून फोन लावला आणि फोटोग्राफरला पैठणला पाठवलं.

चांगला पीआरवाला ती पहिली ओळ शोधतो. मग ज्या पत्रकाराला तिच्यात रस वाटेल त्याच्यापर्यंत ती नेतो, दोन दिवसांनी आठवण करतो, नकार आला तर दुसरं दार वाजवतो. तू पैसे देतेस ते या खटपटीचे. छापायचं की नाही हे संपादकाच्या हातात. म्हणून 'अमुक पेपरात नक्की आणतो' असं कुणी म्हणालं, तर सरळ विचार: बातमी म्हणून की जाहिरात म्हणून? पैसे मोजून छापलेला मजकूर जाहिरात म्हणूनच छापला जायला हवा, नाहीतर ती वाचकाची फसवणूक. आणि 'लाखभर ऐकणारे मिळवून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार कर. ते खोटे आकडे स्पॉटिफायवाले शोधून वजा करतात, प्रसंगी गाणंही काढलं जातं.

पीआरवाल्याकडून कार्यक्रमांच्या तारखांची अपेक्षा धरू नकोस, ते काम वेगळ्या माणसाचं. तीन महिन्यांत एखादा मोठा लेख, तीन-चार लहान बातम्या आणि आकाशवाणीवर एक मुलाखत झाली, तरी मी म्हणेन पैसे वसूल झाले.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो, कारण ती मला अजून टोचते. एका तरुण गायकाची नोट आली, त्यात 'आकाशवाणीचे ए ग्रेड कलाकार' असं लिहिलं होतं. फोन करून विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, छापून टाकलं. सकाळपासून फोन सुरू. त्याची ग्रेड होती बी हाय. दुपारी तो स्वतः आला, टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "साहेब, मी ती नोट पाहिलीसुद्धा नव्हती." त्याच्या प्रसिद्धीवाल्याने परस्पर पाठवली होती. आम्ही खुलासा छापला, पण खुलासा कितीजण वाचतात? पुढे बरेच दिवस मैफलीत लोक त्याच्या मागे कुजबुजायचे. तेव्हा तू वाचून होकार दिल्याशिवाय एक अक्षरही बाहेर जाणार नाही, हे करारात लिहून घे. तुझ्या नावापुढे 'विदुषी' लावलेलं दिसलं तर आधी ते खोड.

पैसे महिन्याच्या महिन्याला दे, एकदम नको. कुणाला काय पाठवलं आणि काय उत्तर आलं, याची यादी दर आठवड्याला माग. गाणारीने हिशेब कसला बघायचा, असं मनात आणू नकोस. आपल्या देवगिरीला यादवांच्या दरबारात बसून 'संगीतरत्नाकर' लिहिणारा शार्ङ्गदेव हिशेबखात्याचाच अधिकारी होता.

तुझ्याकडूनही पीआरवाल्याला बरंच लागेल. तंबोऱ्यासकट स्वच्छ काढलेले फोटो, दहा ओळींची खरी माहिती, आणि पत्रकाराचा फोन ऐन रियाजाच्या वेळी आला तरी तो उचलण्याची तयारी. बातमीदार दुसऱ्यांदा फोन करत नाही.

आणि प्रकाशनाची तारीख. नाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीला. त्या आठवड्यात मराठवाड्यातला प्रत्येक पेपर पैठणकडे बघत असतो, तुझ्या गवळणींना त्याहून चांगला मुहूर्त नाही. पण पुरवण्यांची पानं आधीच लागतात, आणि स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं. एकदा प्रकाशित झालं की तो रस्ता बंद. म्हणजे पीआरवाल्याने पौषातच कामाला लागायला हवं. तू त्याला तारीख सांगितलीस का? काल तुझ्या बोलण्यात ती आलीच नाही.

पैसे भरायचे थांब. रविवारी सकाळी करार घेऊन ये, आणि आजीची ती निळ्या पुठ्ठ्याची वही आण, जिच्यात तिने गवळणींच्या कडेला 'ही जात्यावरची', 'ही काकड्याची' असं पेन्सिलीने लिहून ठेवलंय. नोटेची पहिली ओळ त्या वहीतच असावी असं मला वाटतंय.

तुझा,
मामा